पाकीट घेणारा ते पाकीट देणारा: इंडी रेसलर प्रमोटर होतो म्हणजे नेमकं काय होतं

परवा ताईचा फोन आला, आवाज जरा टेन्शनमधला. म्हणाली, अरे तुझा भाचा म्हणतोय इंडी रेसलर होणार आणि सात-आठ वर्षांनी प्रमोशन पण करणार, आता प्रमोशन म्हणतोय म्हणजे नोकरी पर्मनंट असेल ना रे? मी चहा पीत होतो, ठसकाच लागला. म्हटलं ताई, रेसलिंगमध्ये प्रमोशन म्हणजे बढती नाही गं, शो भरवणारी कंपनी असते तिला प्रमोशन म्हणतात, आणि प्रमोटर म्हणजे ती चालवणारा आणि बुडाली की तिच्याबरोबर बुडणारा माणूस. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग म्हणाली, तूच समजव बाबा त्याला, तू त्या लायनीतला आहेस.

आता त्या लायनीतला म्हणजे एवढाच की ठाण्यात माझा लाईट-साऊंडचा धंदा आहे, नाटकं, ऑर्केस्ट्रा, हळदी, गणपती, आणि आजवर दोनदा रेसलिंगच्या शोला साऊंड दिलाय. बाकी सगळं लहानपणापासूनचं येड. ट्रम्प कार्डवरची उंची, वजन, छाती पाठ करत मोठी झालेली आमची पिढी, सातचा पाढा अडायचा पण अंडरटेकरचं वजन कधी अडलं नाही. तर ऐरोलीहून भाचा आला, तलावपाळीला कट्ट्यावर बसलो, दोन तास बोललो, आणि घरी गेल्यावर वाटलं हे लिहून काढावं, कारण मराठीत हे कोणी नीट सांगत नाही, एक तर "सगळं खोटं असतं" म्हणून मोकळे होतात नाहीतर नुसती नावांची जंत्री देतात.

आधी खोट्याचं बघू. कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं, बरोबर. पण पडणं खरं असतं. रिंग म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर पातळ फोम आणि वरून ताणलेलं कॅनव्हास, बस. त्यावर पाठीवर पडायचं, त्याला बम्प म्हणतात, आणि पहिले कित्येक आठवडे पोरांना फक्त तेच शिकवतात: हनुवटी छातीला लावून ठेव, श्वास सोड, दोन्ही हात बाजूला आपट म्हणजे मार पसरतो आणि डोकं मागे आपटत नाही. समोरचा उचलतो तेव्हा उचलला जाणारा स्वतः उडी मारतो, नाहीतर शंभर किलोचा माणूस रोज रोज कोण उचलणार. पुढची चाल कानात कुजबुजून सांगतात, रेफरी वेळ सांगतो, निरोप पोचवतो, आणि खरंच कोणाला लागलं तर डोक्यावर हातांची फुली करून मागच्या लोकांना कळवतो. नाटकात तलवार लाकडाची असते पण मागे वळताना सेटवर पाय मुरगळला तर तो खराच मुरगळतो ना, तसं.

या सगळ्या आव आणण्याला त्यांच्या भाषेत केफेब म्हणतात. लोकांसमोर ते खरंच आहे असं वागायचं, रिंगबाहेर सुद्धा. हिरो असतो तो बेबीफेस, व्हिलन असतो तो हील, आणि जुन्या काळी दोघांनी एका गाडीतून प्रवास पण करायचा नाही असा दंडक होता. १९८७ मध्ये न्यू जर्सीत पोलिसांनी एक गाडी अडवली, आत नशेचे पदार्थ सापडले, पण रेसलिंगवाल्यांना त्याहून मोठा धक्का वेगळाच होता, गाडीत हॅकसॉ जिम डगन आणि आयर्न शेख शेजारी शेजारी बसलेले, म्हणजे एक अमेरिकेचा झेंडा घेऊन येणारा आणि एक इराणचा, आणि दोघांचं तेव्हा भांडण चालू होतं. दोघांचीही नोकरी गेली. आपल्याकडे निळू फुलेंना बघून बायका बोटं मोडायच्या आणि प्रत्यक्षात माणूस किती साधा होता, तर हीलचं काम अगदी तेच. हील चांगला असेल तरच हिरोचं तिकीट विकलं जातं, हे लक्षात ठेवा, पुढे प्रमोटरकडे आलो की लागेल.

आता इंडी म्हणजे काय. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, म्हणजे टीव्हीवरच्या मोठ्या कंपनीशी करार नसलेला. आमच्या नाट्यव्यवसायाच्या भाषेत सांगायचं तर नाईटवर काम करणारा. प्रयोग झाला, पाकीट मिळालं, प्रयोग रद्द झाला तर काहीच नाही. गंमत म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई या सगळ्यात मोठ्या कंपनीचे पैलवान सुद्धा कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदारच असतात, कर्मचारी नाहीत, पण त्यांना निदान ठरलेले पैसे मिळतात.

हे सगळं असं का झालं ते थोडक्यात. पूर्वी अमेरिकेत प्रमोटर लोकांनी इलाके वाटून घेतले होते. १९४८ मध्ये आयोवात नॅशनल रेसलिंग अलायन्स झाली, म्हणजे समजा ठाण्याच्या केबलवाल्याने कल्याणमध्ये वायर टाकायची नाही आणि कल्याणच्याने ठाण्यात, तसा समजूतदारपणा. प्रत्येक इलाक्याचे आपले पैलवान, आपला टीव्ही शो. पैलवान एका इलाक्यात वर्ष-दोन वर्षं काढायचा, लोकांना कंटाळा आला की पुढच्या इलाक्यात. १९८२ मध्ये व्हिन्स मॅकमहॉनने वडलांकडून कंपनी (तेव्हाची डब्ल्यूडब्ल्यूएफ, आजची डब्ल्यूडब्ल्यूई) विकत घेतली आणि सगळ्यांच्या इलाक्यात वायर टाकली. इलाके एकेक करून बुडाले. शेवटी २००१ मध्ये समोरची सगळ्यात मोठी कंपनी डब्ल्यूसीडब्ल्यू त्यानेच विकत घेतली आणि त्याच वर्षी ईसीडब्ल्यू या आणखी एका कंपनीचं दिवाळं निघालं. एका वर्षात कितीतरी पैलवान रस्त्यावर आणि काम देणारं दुकान जवळपास एकच.

मग छोटी दुकानं निघाली. २००२ मध्ये फिलाडेल्फियात रिंग ऑफ ऑनर, २००३ मध्ये लॉस एंजेलिसकडे पीडब्ल्यूजी. ही पीडब्ल्यूजी आपल्या विषयाला महत्त्वाची, कारण ती सहा पैलवानांनी मिळून काढली. कोणी शेठ नाही. रिसीडा नावाच्या भागात माजी सैनिकांच्या संघटनेचा एक हॉल, चार-एकशे लोक कोंबले की फुल्ल, म्हणजे ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या निम्म्याहून कमी. पण तिथे काम मिळणं म्हणजे मान होता. रिंग ऑफ ऑनरमधून सीएम पंक आणि ब्रायन डॅनियलसन डब्ल्यूडब्ल्यूईत गेले, आणि तोच डॅनियलसन २०१४ च्या रेसलमेनियाला, म्हणजे तिथल्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोला, चॅम्पियन झाला, छोट्या हॉलांत घासलेला माणूस.

पण हे फार थोड्यांचं झालं. बाकीच्यांचं करिअर कसं जातं? तर आधी शाळेत फी भरायची. मग महिनोन्महिने रिंग लावायची, काढायची, खुर्च्या मांडायच्या. मग पहिली मॅच, फुकट. त्यांच्यात एक म्हण आहे, मानधन काय तर हॉटडॉग आणि हस्तांदोलन. आपल्याकडे वडापाव आणि "बघू पुढच्या वेळी". मग हळूहळू पाकीट सुरू होतं, वीस डॉलर, पन्नास डॉलर, आणि त्यात पेट्रोल आपलं. चार जण एका गाडीत, पाच-सहा तास ड्रायव्हिंग, दहा मिनिटांची मॅच, परत पाच-सहा तास. मिक फोली या गाजलेल्या पैलवानाचं नाव ऐकलंय ना, तो कॉलेजला असताना न्यूयॉर्क राज्यातल्या कोर्टलँडहून पेनसिल्व्हेनियात डॉमिनिक डिनुचीकडे शिकायला शेकडो मैल गाडी हाणत जायचा आणि गाडीतच झोपायचा. भाच्याला म्हटलं, तुला ऐरोलीहून ठाण्याला यायचं तर दोनदा "निघालोच" असा मेसेज टाकतोस.

मग खरा पैसा कुठे? टेबलावर. शो संपला की, कधी मध्यंतरात, पैलवान स्वतःच्या टीशर्टचं, फोटोंचं टेबल मांडून बसतात. पाकिटापेक्षा त्या टेबलावर जास्त मिळालं असं कित्येक रात्री होतं. म्हणून इंडी रेसलर बोलका पाहिजे, नुसतं अंग कमावून भागत नाही, शर्ट विकता आला पाहिजे. यंग बक्स नावाची भावांची जोडी आहे, त्यांनी घराच्या मागच्या अंगणात रिंग लावून सुरुवात केली आणि पुढे टीशर्टवर एवढं नाव केलं की मॉलमधल्या हॉट टॉपिकच्या दुकानांत त्यांचा माल लागला, आणि तोपर्यंत डब्ल्यूडब्ल्यूईत कराराची नोकरी नव्हती त्यांना.

हे सगळं दहा-बारा वर्षं केलं की गुडघे बोलायला लागतात. पाठ, मान, खांदा, एकेक. आणि तेवढ्या वर्षांत माणसाने शंभर प्रमोटर बघितलेले असतात, त्यातल्या अर्ध्यांनी पैसे उशिरा दिलेले, काहींनी बुडवलेले, आणि तो मनात म्हणत असतो की च्यायला, हे काय अवघड आहे, हॉल घ्यायचा, रिंग लावायची, तिकिटं विकायची, मी याच्यापेक्षा बरं करीन. इथून प्रमोटर जन्माला येतो. नटाचा निर्माता होतो तोही असाच होतो, अनेक बघितलेत.

आता मी स्वतः बघितलेली एक रात्र सांगतो. नवी मुंबईतला एक हॉल, नाव-गाव सोडून द्या. मी छोटा हत्ती घेऊन दुपारी एकला पोचलो तर बाहेर टेम्पोतून रिंग उतरत होती आणि उतरवत कोण होतं तर स्वतः प्रमोटर, तोच रात्री मेन इव्हेंटला लढणार होता. फळी खांद्यावर, कानाला फोन, फोनवर कोणाला तरी सांगतोय की अँब्युलन्स साडेपाचला गेटवर पाहिजे म्हणजे पाहिजे. मला म्हणाला, दादा, रिंगखाली एक माईक लावा. मला पहिल्यांदा कळेना कशाला. तर पडल्याचा आवाज मोठा यावा म्हणून. मी आपला खाली वाकून, धुळीत लोळून, फळ्यांच्या खाली माईक टेपने चिकटवला, गेन, म्हणजे माईकची आवाज पकडायची ताकद, जरा जास्त राहिला, आणि पहिल्याच मॅचच्या पहिल्याच बम्पला असा दणका आला की पुढच्या रांगेतलं लहान पोर रडायला लागलं आणि मागून दोनशे लोक एकदम ओरडले. प्रमोटर पडद्यामागून अंगठा दाखवून गेला. मी गेन तसाच ठेवला.

शो संपला साडेनऊला. सव्वादहाला मी वायरी गुंडाळून मागे गेलो तर चेंजिंग रूममध्ये तो बसलेला, बूट अजून पायात, गुडघ्यावर बर्फाची पिशवी, मांडीवर पांढरी पाकिटं, प्रत्येकावर स्केचपेनने नाव. नोटा मोजतोय, पुन्हा मोजतोय, एका पाकिटातून दोनशे काढून दुसऱ्यात टाकतोय. पैलवान भिंतीला टेकून उभे, मोबाईल बघायचं नाटक करतायत पण नजर पाकिटांवर. सगळ्यांना दिलं. ज्या पोराचा ओठ फुटला होता त्याला जरा जास्त दिलं, ते मी बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, दादा, अर्धे आता, अर्धे सोमवारी. सोमवार तीन आठवड्यांनी उजाडला, तोही जीपेवर दोन हप्त्यांत. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या स्वतःच्या नावाचं पाकीट त्या गठ्ठ्यात नव्हतं, हेही बघितलं होतं.

का नव्हतं त्याचा हिशोब करू. हे आकडे माझे अंदाजाचे आहेत, त्याचे नाहीत, पण आमच्या धंद्यातल्या माणसाला पटतील. समजा अडीचशे तिकिटं गेली, चारशे रुपयांना एक. एक लाख झाले. पाचशेपर्यंतच्या तिकिटाला अशा कार्यक्रमाला जीएसटी नाही, म्हणून पोस्टरवर ३९९ नाहीतर ४९९ दिसतं बघा. आता खर्च. हॉल पंचवीस हजार. रिंगचं भाडं आणि टेम्पो वीस. लाईट-साऊंड पंधरा, ओळखीत. चौदा पैलवान सरासरी अडीच हजार, म्हणजे पस्तीस. रेफरी आणि अनाउन्सर पाच. डॉक्टर आणि अँब्युलन्स सहा. दोन कॅमेरे आणि एडिटिंग दहा. पोलीस-फायरच्या परवानग्यांची धावपळ, एन्ट्रीला वाजणाऱ्या गाण्यांचं लायसन्स, बॅनर, सगळं मिळून आठ. पाणी, वडापाव तीन. बेरीज करा. एक लाख सत्तावीस हजार. म्हणजे हॉल बऱ्यापैकी भरून सुद्धा सत्तावीस हजार खिशातून, आणि यात विमा धरलेलाच नाही. अमेरिकेत काही राज्यांत तर प्रमोटरला सरकारी लायसन्स लागतं, वरून हमीची रक्कम. १९८९ मध्ये मॅकमहॉनच्या कंपनीने न्यू जर्सीत सरळ सांगितलं होतं की आमचा हा खेळ नाही, करमणूक आहे. एवढी वर्षं जपलेलं गुपित त्यांनी स्वतः फोडलं, कशासाठी तर खेळांवर लक्ष ठेवणाऱ्या कमिशनचे नियम आणि कर चुकावेत म्हणून. केफेब गेलं कराच्या पायी, यावर मी अजून हसतो.

मग हा धंदा चालतो कसा? शाळेवर. वीस पोरं, महिना दोन हजार, झाले चाळीस हजार, आणि हे दर महिन्याला येतात, शो असो नसो. म्हणून बघाल तिथे पैलवान प्रमोटर झाला की आधी ट्रेनिंग स्कूल काढतो. शो ही शाळेची जाहिरात असते असं म्हटलं तरी चालेल. कॅलगरीच्या स्टू हार्टने घराच्या तळघरात पोरं घडवली, त्या तळघराला डन्जन म्हणायचे, आणि वर स्टॅम्पीड रेसलिंग नावाची त्याची कंपनी. आपल्याकडे द ग्रेट खलीने हेच केलं. पंजाब पोलिसातला दलीप सिंग राणा, अमेरिकेत शिकला, २००७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला, आणि २०१५ मध्ये जालंधरला सीडब्ल्यूई नावाने अकॅडमी आणि प्रमोशन दोन्ही काढलं. तिथून कविता देवी २०१७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या रिंगमध्ये गेली, सलवार-कमीज घालून लढली, तो व्हिडिओ तुम्ही बघितलाच असेल. पण शाळेत एक खोट आहे, प्रमोटरला फी पाहिजे असते म्हणून ज्या पोराचं काही होणार नाही त्यालाही तो "तुझ्यात आहे" म्हणत राहतो. भाच्याला हे दोनदा सांगितलं.

पैशाहून अवघड गोष्ट म्हणजे जोड लावणे. गावच्या जत्रेतला आखाडा आठवा, आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळ, मग शे-दोनशेच्या, चढत चढत शेवटी एक नंबरची जोड, हलगी तापलेली असते तेव्हा. तिथली कुस्ती निकाली असते, इथला निकाल ठरवून, पण क्रम लावायची अक्कल तीच. पहिली मॅच जोरदार, म्हणजे लोक खुर्चीत बसतात. मध्ये एखादी विनोदी, बतावणीसारखी. मेन इव्हेंटच्या आधी जरा थंड मॅच, लोकांनी घसा मोकळा करावा, समोसा आणावा. आणि मेन. हे ठरवणाऱ्याला बुकर म्हणतात, छोट्या प्रमोशनमध्ये प्रमोटर आणि बुकर एकच. कोण हरणार हेही तोच ठरवतो. आणि आपला पैलवान स्वतः प्रमोटर झाला की पहिल्याच महिन्यात त्याच्यासमोर तो प्रश्न येतो ज्यात भले भले गेलेत: चॅम्पियनचा पट्टा कोणाच्या कमरेला बांधायचा?

व्हर्न गॅन्येचं बघा. खरा कुस्तीगीर, कॉलेजात राष्ट्रीय विजेता, १९६० मध्ये मिनियापोलिसकडे एडब्ल्यूए नावाची कंपनी काढली, आणि पट्टा दहा वेळा स्वतःच्या कमरेला. १९८० मध्ये वयाच्या ५४ व्या वर्षी पुन्हा चॅम्पियन, आणि ८१ ला रिटायर झाला तोही चॅम्पियन म्हणूनच. त्याच्याकडे तेव्हा हल्क होगन आला, लोक होगनसाठी वेडे झाले होते, पण गॅन्ये म्हणे खरी कुस्ती येणाऱ्याकडेच पट्टा शोभतो. होगन १९८३ च्या शेवटी निघून गेला आणि २३ जानेवारी १९८४ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफचा चॅम्पियन झाला. कोणाला हरवून? आयर्न शेखला, ज्याला गॅन्येनेच शिकवलं होतं. एडब्ल्यूए १९९१ ला बंद. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर मालकाने पट्टा स्वतःकडे ठेवण्यात एक व्यवहार पण असतो. दुसऱ्याला चॅम्पियन केलं आणि तो उद्या पळाला तर? स्वतः तर कुठे पळत नाही. छोट्या प्रमोटरला हे गणित फार मोहात पाडतं. पण मग बाकीचे पैलवान म्हणतात इथे वर जायला जागाच नाही, आणि जातात.

जपानमध्ये १९७२ या एकाच वर्षी दोन पैलवान प्रमोटर झाले, अंतोनियो इनोकीने न्यू जपान काढली आणि जायंट बाबाने ऑल जपान. पट्टे दोघांनीही स्वतःकडे ठेवले बरं का, पण दोघांच्याही कंपन्या उभ्या राहिल्या. बाबाचं नाव असं की तोंडी शब्द दिला की पैसे आलेच, म्हणून परदेशी पैलवान त्याच्याकडे कागद न बघता जायचे. इनोकी म्हणजे जुगारी माणूस. १९७६ मध्ये थेट मुहम्मद अलीला टोकियोत बोलावलं, पंधरा राउंड, बहुतेक वेळ इनोकी पाठीवर झोपून अलीच्या पायांवर लाथा मारतोय, निकाल बरोबरी, लोक चिडले, आणि कंपनीवर कर्जाचा डोंगर. त्याच वर्षी डिसेंबरात कराचीला अक्रम पैलवानाशी लढायला गेला, ती मॅच खरीच झाली आणि अक्रमचा हात मोडला.

बायकांमध्ये मिल्ड्रेड बर्कचं नाव घ्यायलाच हवं. तीस-चाळीसच्या दशकातली चॅम्पियन, नवराच तिचा मॅनेजर आणि प्रमोटर, म्हणजे पाकीट घरातल्या घरात अडवलं जायचं. त्याच्यापासून वेगळी झाली आणि स्वतःची संस्था काढली, पोरींना शिकवलं, आणि तिच्या संस्थेचा पट्टा पुढे जपानच्या बायकांच्या रेसलिंगचा सगळ्यात मानाचा पट्टा झाला. हिच्यावर कोणीतरी वेगळा लेख लिहा खरं तर.

आणि आपल्या काळातलं उदाहरण म्हणजे ऑल इन नावाचा शो. २०१७ मध्ये कोणीतरी ट्विटरवर विचारलं, रिंग ऑफ ऑनर दहा हजार तिकिटं विकू शकेल का, पत्रकार डेव्ह मेल्टझर म्हणाला इतक्यात तरी नाही. कोडी ऱ्होड्स, जो वर्षभरापूर्वी डब्ल्यूडब्ल्यूई सोडून इंडी हॉल हिंडत होता, म्हणाला पैज लावतो. त्याने आणि यंग बक्सनी स्वतः जोखीम घेऊन शिकागोजवळ १ सप्टेंबर २०१८ ला शो ठेवला, आणि दहा हजारांवर तिकिटं अर्ध्या तासात संपली. त्यातूनच १ जानेवारी २०१९ ला एईडब्ल्यू ही नवी कंपनी जाहीर झाली, फक्त तिथे पैसा टोनी खानचा, म्हणजे शेवटी शेठ आलाच. भाचा हेच उदाहरण घेऊन आला होता. म्हटलं बाळा, त्या अर्ध्या तासामागे कोडीच्या पैलवान बापापासूनचं नाव आणि तिघांची मिळून कितीतरी वर्षांची वणवण आहे, आणि दर आठवड्याला यूट्यूबवर स्वतःचा शो टाकून लोकांना घरच्यासारखं करून ठेवलं होतं त्यांनी, ते कोणी बघत नाही.

आपल्याकडे प्रेक्षक नाही असं म्हणू नका. दारा सिंग आणि किंग काँग या पैलवानांच्या काळात मुंबईत फ्री-स्टाईल बघायला झुंबड उडायची, १९६८ मध्ये दारा सिंगने मुंबईतच लू थेझ या अमेरिकन पैलवानाला हरवलं, माझे आजोबा ती गोष्ट अशी सांगायचे जणू कोपऱ्यात टॉवेल धरून तेच उभे होते. २०१२ मध्ये कलर्सवर रिंग का किंग आलं, जेफ जॅरेटच्या लोकांनी पुण्यात बालेवाडीला शूट केलेलं, हरभजन सिंग त्याचा चेहरा. एक सीझन आणि खेळ खल्लास. जेफ जॅरेट म्हणजे पण पैलवान-प्रमोटरच, त्याने वडलांबरोबर २००२ मध्ये टीएनए नावाची कंपनी काढली होती. मला वाटतं आपल्याकडे मोठा टीव्ही शो एकदम वरून उतरवतात आणि खाली छोटे हॉल नसतात, म्हणजे आखाड्यात रेवड्यांच्या कुस्त्याच नाहीत आणि डायरेक्ट एक नंबरची जोड. लोकांना त्या पैलवानाचं काय पडलेलं असणार?

छोट्या प्रमोटरची आणखी एक नेहमीची चूक, ती मी दुसऱ्या शोला बघितली. गर्दी व्हावी म्हणून टीव्हीवरचं जुनं मोठं नाव आणायचं. विमान, हॉटेल, तगडं पाकीट, तेही आधी. तो येतो, पाच मिनिटं हात हलवतो, फोटो विकतो, त्याचे पैसे त्याचे, आणि जातो. हॉल फुल्ल होता त्या दिवशी. पण लोक त्याला बघायला आलेले, आपल्या पोरांना नाही, मोठ्या नावाच्या एन्ट्रीनंतर निम्मे उठून पार्किंगकडे. त्याच माणसाला आपल्या एखाद्या लोकल पोराकडून हरवलं असतं, माईकवर त्या पोराचं नाव घ्यायला लावलं असतं, तर ते पाकीट वसूल. बुकिंग कळणारा हे आधी कबूल करून घेतो, न कळणारा सेल्फी घेतो.

एवढं सगळं सांगून मी भाच्याला विचारलं, मग काय ठरवलंस? म्हणाला, मामा, कॉलेज सोडत नाही, पण शनिवार-रविवार तुर्भ्याला एके ठिकाणी शिकवतात तिथे जाणार. ताईला सांगितलं, शनिवार-रविवार आहे, जाऊ दे, हेल्थ इन्शुरन्स मात्र काढ त्याचा आणि रेसलिंग करतो हे फॉर्मवर लिही.

गेल्या रविवारी रात्री त्याचा फोटो आला, दोन्ही तळहात सोललेले. दिवसभर रिंगच्या फळ्या उतरवल्या, लावल्या, संध्याकाळी परत टेम्पोत चढवल्या, आत पाय ठेवायला मिळाला तो फक्त झाडू मारायला.

मी विचारलं, पाकीट?

म्हणाला, वडापाव. दोन.